पाचशे डॉलरची गाणी

मुंबई-पुण्याच्या इराण्याच्या हॉटेलात साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी चहा आणि बनमस्का खाल्ला आहे, त्यांना ज्यूकबॉक्स म्हणजे काय हे सांगायला नको. रंगीत दिव्यांचे ते कपाटाएवढे यंत्र! फटीत नाणे टाकायचे, गाण्याचे बटण दाबायचे, की काचेआड एक लोखंडी हात सरकायचा, तबकडी उचलायचा आणि सुई टेकायची. घरी रेडिओ नाही, तबकडी विकत घेण्याची तर बातच नको, अशा घरांतली माणसे एका चहावर दोन गाणी ऐकून खोलीवर परतत.

नाणे कोणाच्या खिशातून निघाले हे सर्वांना दिसे. ते शेवटी कोणाच्या खिशात पडले हे मात्र कोणी विचारीत नसे. ज्या देशात हे यंत्र फोफावले त्या अमेरिकेत तर १९०९ च्या कायद्यानेच ज्यूकबॉक्सवाल्यांना सूट दिली होती. आत येण्यासाठी वेगळे तिकीट लावलेले नसेल, तर नाण्यावर चालणाऱ्या यंत्रातून गाणे वाजविण्यापोटी गीतकार-संगीतकाराला एक छदामही द्यायला नको! तबकडीच्या विक्रीमागे मिळेल तो अल्पस्वल्प हिस्सा, तेवढीच काय ती त्याची कमाई. आणि तोही हक्क त्याच्याच नावावर शिल्लक असेल तर. ही सूट उठली ती १ जानेवारी १९७८ पासून. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याच साली आणखी एक गोष्ट घडली आणि आजचा हा लेख तिच्याविषयीच आहे.

या यंत्राचे नाव आता रंगभूमीवरच्या एका प्रकाराला मिळाले आहे. ज्यूकबॉक्स म्युझिकल! नाटकासाठी नवी गाणी रचायची नाहीत. लोकांच्या ओठांवर आधीच रुळलेली जुनी गाणी घ्यायची आणि त्यांच्याभोवती नाटक उभे करायचे. लंडनला १९९९ साली आलेले 'मामा मिया' हे त्यातले सर्वांत गाजलेले. स्वीडनच्या ॲबा या चौघांच्या गाण्यांभोवती तिथे एक आई, तिची लेक आणि लेकीचे लग्न अशी नवीच कथा गुंफलेली आहे. न्यूयॉर्कला २००५ साली आलेल्या 'जर्सी बॉईज'मध्ये गाणाऱ्या टोळक्याचीच हकीकत आहे. तिसऱ्या प्रकारात कथा नसतेच. एका माणसाची गाणी एकामागून एक येतात आणि त्यांतूनच तो माणूस आणि त्याचा काळ उभा राहतो.

ही युक्ती नवी नाही. १७२८ साली लंडनला जॉन गे याने 'बेगर्स ऑपेरा' लिहिला तो गल्लीबोळांतल्या परिचित चालींवर नवे शब्द बसवूनच. दोनशे वर्षांनी जर्मनीत ब्रेख्तने त्याचे 'थ्री पेनी ऑपेरा' केले आणि त्यावरून १९७८ साली पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' मराठीत आले. आणि लोकांना ठाऊक असलेल्या चालीवर आपले शब्द बसविण्याची रीत तर आमच्या जलशांना आणि गायन पार्ट्यांना शिकवायला नको! चाल सिनेमाची, सांगणे आपले. चाल ओळखीची असली की माणूस थांबतो आणि थांबला की शब्द ऐकतो.

पण आज सांगायचे आहे ते न्यूयॉर्कच्या एका कृष्णवर्णीय पियानोवाल्याच्या गाण्यांचे. त्याने ती कवडीमोलाने विकली आणि त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी त्यांनीच ब्रॉडवेचा सर्वांत मोठा सन्मान मिळविला. प्रयोगाचे नाव 'एन्ट मिसबिहेविन'. पियानोवाल्याचे नाव थॉमस वॉलर. अंगाने भरभक्कम, म्हणून सारे जग त्याला फॅट्स, म्हणजे जाड्या, म्हणे.

भाड्यासाठी मैफल

वॉलरचा जन्म २१ मे १९०४ चा, न्यूयॉर्कचाच. वस्ती हार्लेम. बाप धर्मोपदेश करणारा, आईला वाद्याची आवड. पोराने देवाची गाणी वाजवावी एवढीच बापाची इच्छा, आणि पोराचे कान रस्त्यावरच्या तालाकडे! पंधराव्या वर्षी तो हार्लेमच्या लिंकन थिएटरात मूकपटांसमोर ऑर्गन वाजवू लागला. (जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते ते हार्लेमला अगदी लागून आहे. तेव्हा हा वॉलर नऊ-बारा वर्षांचा पोर होता.)

दक्षिणेकडच्या राज्यांतून जुलमाला कंटाळून आणि कामाच्या शोधात आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी हार्लेम भरून गेले होते. शहरात इतरत्र त्यांना खोली मिळत नसे आणि घरमालकांना हे ठाऊक असल्यामुळे त्याच खोलीला गोऱ्या भाडेकरूपेक्षा जास्त भाडे लावीत. पगार कमी, भाडे अधिक. मग महिनाअखेर काय करायचे? त्यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे 'रेंट पार्टी'. घरातले सामान एका कोपऱ्यात सारायचे, एक पियानोवाला बोलवायचा, छापील चिठ्ठ्या वाटायच्या आणि येणाऱ्याकडून दारातच थोडे पैसे घ्यायचे. तळलेले मासे, चोरटी दारू (त्या काळी अमेरिकेत दारूबंदी होती) आणि पहाटेपर्यंत नाच. सकाळी जमलेल्या पैशांतून घरभाडे! शनिवारी अशा मैफली होत तशाच गुरुवारीही होत. कारण गोऱ्यांच्या घरी राहून धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायांना गुरुवारी सुट्टी असे. आपल्याकडची भिशी जिने चालविली आहे तिला या मैफलीचे गणित लगेच कळेल.

वॉलर याच खोल्यांत तयार झाला. जेम्स पी. जॉन्सन हा त्याचा गुरू. त्यांच्या वादनाला 'स्ट्राइड' म्हणतात. डावा हात खालच्या खर्जावरून मधल्या स्वरांवर सारखा उड्या मारीत राहतो, म्हणजे ठेका आणि साथ एकाच हाताने चाललेली. उजवा हात वर मोकळा, त्याला वाटेल ते करावे. नाचणाऱ्यांना वाद्यवृंदाची उणीव भासू नये, आणि घरमालकिणीला पैसे एकाच वादकाला द्यावे लागावेत, अशी ही गरिबांची सोय होती. पुढे १९३७ साली वॉलरने आणि साथीदारांनी अशा मैफलीवरच 'द जॉइंट इज जंपिन' हे गाणे केले. नाटकाचा पहिला अंक त्याच गाण्याने संपतो.

एका सौद्याची गोष्ट

वॉलरच्या चालींना शब्द देणारा मित्र अँडी रझाफ. हा माणूस वेगळाच. त्याचे आजोबा गुलामीत जन्मले आणि पुढे मादागास्करला अमेरिकेचे वकील म्हणून गेले. बाप मादागास्करच्या राजघराण्यातला. फ्रेंचांनी बेट घेतले, बाप त्यात गेला आणि पोर अमेरिकेत जन्माला आले. राजघराण्याचे रक्त, आणि पोटासाठी न्यूयॉर्कच्या इमारतीत लिफ्ट चालविण्याचे काम! कविता करणे मात्र सुटले नाही.

हार्लेममध्ये 'कॉनीज इन' नावाचा नाइट क्लब होता. चालविणारे इमरमन बंधू गोरे. पोरवयात वॉलर त्यांच्याच खाद्यपदार्थांच्या दुकानाचा माल घरोघर पोचवीत असे. क्लब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, रंगमंचावर कलावंत कृष्णवर्णीय, आणि टेबलाशी बसणारी गिऱ्हाइके बहुतेक सगळी गोरी. ज्यांच्या गाण्यांवर क्लब चाले त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समोरच्या दाराने आत प्रवेश नव्हता. या क्लबासाठी वॉलर आणि रझाफ यांनी १९२९ साली 'हॉट चॉकलेट्स' नावाचा गाण्या-नाचाचा कार्यक्रम रचला. तो जूनमध्ये ब्रॉडवेच्या हडसन थिएटरात गेला. 'एन्ट मिसबिहेविन' हे गाणे त्यातलेच. लुई आर्मस्ट्राँग हा तरुण ट्रम्पेटवाला प्रथम हे गाणे मध्यंतरात वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून सादर करी. ते इतके गाजले, की त्याला खड्ड्यातून वर रंगमंचावर आणावे लागले.

आणि गाणे गाजत असतानाच, जुलै १९२९ मध्ये, वॉलरने ते विकून टाकले. एकटे नाही. 'एन्ट मिसबिहेविन'सकट सुमारे वीस गाण्यांवरचा आपला हक्क त्याने प्रकाशक आयर्व्हिंग मिल्स याला एकगठ्ठा पाचशे डॉलरला दिला. म्हणजे गाण्यामागे पंचवीस डॉलर!

असे का केले? वॉलरचा हात सैल होता हे खरेच. खाणे, पिणे, मित्र, सगळेच अघळपघळ. पहिल्या बायकोच्या पोटगीचा तगादा कायम पाठीशी होता. ती थकली म्हणून त्याला तुरुंगाची हवाही खावी लागली होती. त्याच्यावर लिहिणारे बरेच जण इथेच थांबतात: कलावंतच तो, व्यवहार कुठून कळणार! आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ज्याला आज संध्याकाळी पैसे हवे आहेत तो उद्याच्या हिश्श्याची वाट पाहू शकत नाही, आणि घेणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. सावकाराच्या दारात उभे पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला आपण उधळ्या म्हणतो का? शिवाय कृष्णवर्णीय संगीतकाराला स्वतःचे प्रकाशन काढून हिशेब मागण्याच्या वाटा त्या काळी जवळजवळ बंदच होत्या.

पिस्तुलाच्या धाकावरचे गाणे

त्या वीसांत आणखी एक गाणे होते, 'ब्लॅक अँड ब्ल्यू'. मार खाऊन अंग काळेनिळे पडते, त्याला इंग्रजीत असे म्हणतात. कातडीचा काळा रंग आणि मनाची उदासी, हे दोन्ही अर्थही त्यात आहेतच.

रझाफने पुढे सांगितलेली हकीकत अशी. 'हॉट चॉकलेट्स'मध्ये डच शुल्ट्झ या कुख्यात गुंडाचा पैसा गुंतला होता. त्याला एक विनोदी गाणे हवे होते: काळ्याकुट्ट रंगाची बाई, तिला कोणी पुरुष पसंत करीत नाही, म्हणून ती रडते आहे. गोऱ्या प्रेक्षकांना यात हसू येईल, असा त्याचा हिशेब. रझाफने नकार दिला तेव्हा शुल्ट्झने त्याला पिस्तूल दाखविले. रझाफ घरी गेला आणि त्याने गाणे लिहिले. आरंभीचे कडवे मागणीप्रमाणेच होते. उजळ रंगाच्या पोरींना मागणी, आपल्याकडे कोणी पाहत नाही, ही त्या बाईची तक्रार. पण पुढे गाणे वळते. बाई विचारू लागते ते एका पुरुषाविषयी राहत नाही. माझा गुन्हा तरी काय, असे ती अख्ख्या जगाला विचारते.

पहिल्या रात्री एडिथ विल्सन या गायिकेने ते पांढऱ्या शुभ्र सजावटीत, पांढऱ्या बिछान्यावरून म्हटले. प्रेक्षक आधी हसले, मग हसू विरले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या पडल्या म्हणून आपण वाचलो, असे रझाफ सांगे. त्याच जुलैत आर्मस्ट्राँगने हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि आरंभीचे ते कडवे सरळ गाळून टाकले. आता गाणाऱ्याला बाई असण्याचीही गरज उरली नाही. एका बाईच्या रंगाची थट्टा म्हणून मागविलेले गाणे एका समाजाचे गाऱ्हाणे बनले. राल्फ एलिसनच्या 'इनव्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीच्या सुरुवातीला तळघरात राहणारा नायक आर्मस्ट्राँगची हीच तबकडी ऐकत बसलेला आहे.

समाजातल्या समाजात उजळ आणि सावळा हा भेद आमच्या वाचक भगिनींना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींची नजर आधी कुठे जाते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

पुढे वॉलरने शेकडो तबकड्या दिल्या. प्रकाशक हातात देतील ती गाणी, पुष्कळदा अगदी सुमार, तो भुवया उडवीत, चेष्टा करीत, गाण्याचीच टर उडवीत म्हणे. लोकांना तो विदूषक वाटे. त्याला स्वतःला मोठ्या ऑर्गनवर बाखचे संगीत वाजवायला आवडे. पण त्यासाठी त्याला कोणी पैसे देत नसे. १९४३ साली 'अर्ली टू बेड' या ब्रॉडवेच्या संगीतिकेला त्याने संगीत दिले. बहुतांश गोऱ्या नटांच्या संगीतिकेला कृष्णवर्णीयाने संगीत देणे हे तेव्हा नवल होते. त्याच डिसेंबरात हॉलिवूडहून न्यूयॉर्कला घरी परतताना, आगगाडीतच, कॅन्सस सिटीजवळ न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे एकोणचाळीस.

पाच जण आणि एक पियानो

आता १९७८. मॅनहॅटन थिएटर क्लब या संस्थेच्या लहानशा जागेत, खाण्यापिण्याच्या टेबलांसमोर, फेब्रुवारीत एक छोटा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना मरे हॉरविट्झ आणि रिचर्ड मॉल्टबी या दोघांची. दिग्दर्शन मॉल्टबीचे. हे दोघे गोरे. पण पियानोवर बसलेले आणि वाद्यवृंदासाठी स्वररचना करणारे ल्यूथर हेंडरसन हे हार्लेममध्येच वाढलेले कृष्णवर्णीय संगीतकार, आणि रंगमंचावरचे पाचही कलावंत कृष्णवर्णीय. तीन बाया, दोन पुरुष. कथा नाही, संवाद जवळजवळ नाहीत, वॉलरची भूमिका करणाराही कोणी नाही. वॉलरच्या चेष्टा, त्याच्या भुवया, त्याची बेफिकिरी पाचांत वाटून टाकलेली. तीनच महिन्यांत, ९ मे रोजी, हा कार्यक्रम ब्रॉडवेच्या लाँगएकर थिएटरात गेला.

असे नाटक बसविण्यात अवघड काय, असे कोणाला वाटेल. गाणी तर तयारच आहेत! खरी मेहनत क्रम लावण्यात असते. ओळखीचे गाणे आले की प्रेक्षक आपोआप खूश होतो, आणि हाच धोका. तीस गाण्यांवर तीस वेळा खूश झालेला माणूस घरी जाताना रिकामाच जातो. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात आपण हे नेहमी पाहतो. शिट्ट्या वाजतात, वन्समोअर होतो, आणि सकाळी काही आठवत नाही.

'एन्ट मिसबिहेविन'चा क्रम पाहा. पहिल्या अंकात रंगेल हार्लेम. मग युद्धकाळातली टंचाई: नायलॉनचे मोजे मिळत नाहीत, भंगार विकून पैसे करा, अशी गाणी. मग भाड्याची मैफल आणि पडदा. दुसऱ्या अंकात वॉल्डॉर्फ हे श्रीमंत गोऱ्यांचे हॉटेल, तिथे वागायचे वेगळे, हसायचे वेगळे. मग थट्टा चढत जाते. पावले फार मोठी म्हणून बाईची टिंगल, मग जाड्या-तेलकट म्हणून एका माणसाची टिंगल. प्रेक्षक हसून हसून बेजार. आणि नेमके त्यानंतर पाचही जण येऊन बसतात. नाच बंद, हातवारे बंद. प्रेक्षकांकडे सरळ पाहत, हळू आवाजात, पाच स्वरांच्या मेळात ते 'ब्लॅक अँड ब्ल्यू' म्हणतात.

आत्ताच ज्या हसण्यात आपण सामील झालो होतो ते कोणाला लागले, हे त्या क्षणी प्रेक्षकाला कळते. १९२९ साली एडिथ विल्सनसमोर जे घडले होते, हसू आणि मग शांतता, ते मॉल्टबीने अख्ख्या अंकाच्या बांधणीतून पुन्हा घडवून आणले. जुन्या गाण्यांचा नुसता पुनःप्रत्यय देणे आणि जुन्या गाण्याला त्याची मूळ धार परत देणे यांत फरक आहे. या एका जागेमुळे हा प्रयोग आम्हाला या जातीच्या बाकी साऱ्या प्रयोगांहून थोर वाटतो.

पाचांतली नेल कार्टर ही अलाबामाच्या बर्मिंगहॅमची. ठेंगणी, स्थूल, आवाज असा की भिंत थरथरावी. अशा अंगकाठीच्या बाईला मोलकरणीचे किंवा हास्यास्पद काम, हा तिकडचा शिरस्ता. इथे ती आणि तशीच भरल्या अंगाची आर्मेलिया मॅक्वीन या दोघी रंगमंचाच्या नायिका होत्या. त्या वर्षी 'टोनी' या सर्वोच्च नाट्यसन्मानात सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा मान या प्रयोगाला, दिग्दर्शनाचा मॉल्टबीला आणि सहायक अभिनेत्रीचा नेल कार्टरला मिळाला. ब्रॉडवेवर फेब्रुवारी १९८२ पर्यंत १६०४ प्रयोग झाले. उरलेले तिघे म्हणजे शार्लेन वुडर्ड, केन पेज आणि आंद्रे डी शील्ड्स. डी शील्ड्सला स्वतःचा टोनी मिळाला तो २०१९ साली, 'हेड्सटाउन'साठी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी!

कागदावर कोणाचे नाव

वाचकहो, आपला मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. नाणे कोणाच्या खिशात पडले?

अशा नाटकाला प्रत्येक गाण्याच्या हक्कदाराची परवानगी लागते आणि तिकीटविक्रीतला ठरलेला हिस्सा त्याच्याकडे जातो. हक्कदार म्हणजे रचणारा नव्हे. ज्याचे नाव कागदावर आहे तो! मग वॉलरच्या मुलाबाळांना काहीच नाही का? त्या काळच्या अमेरिकी कायद्यात एक खिडकी होती. गाण्याचा हक्क आधी अठ्ठावीस वर्षांचा, नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागे. पहिली मुदत सरण्याआधीच रचणारा वारला असेल तर नूतनीकरणाचा हक्क त्याच्या बायकामुलांकडे जाई, मग त्याने हयातीत काहीही विकलेले असो. १९२९ च्या गाण्यांची मुदत १९५७ ला भरत होती आणि वॉलर १९४३ लाच गेला होता. म्हणजे पाचशे डॉलरचा सौदा कायद्याने तिथवरच चालला. उलट, जिवंत माणसाने नूतनीकरणाचा हक्कही आधीच लिहून दिला असेल तर तो त्याच्यावर बंधनकारक, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली दिला होता. मेलेल्याच्या मुलांना मिळेल, जिवंताला मिळेलच असे नाही, असा हा अजब न्याय!

रझाफ पन्नाशीनंतर आजाराने चाकाच्या खुर्चीला खिळला आणि १९७३ च्या फेब्रुवारीत वारला. पाच वर्षांनी आलेला प्रयोग त्याने पाहिला नाही. त्याचाच दुसरा जोडीदार, युबी ब्लेक, तेवढा भाग्यवान. त्याच १९७८ साली त्याच्या गाण्यांवर 'युबी!' नावाचा प्रयोग ब्रॉडवेवर आला तेव्हा नव्वदी ओलांडलेला तो म्हातारा हयात होता.

कागद स्वतःच्या हाती ठेवल्यास काय होते, याचे उदाहरणही याच रंगभूमीवर आहे. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ साली घरच्यांच्या सामाईक बचतीतून आठशे डॉलर कर्जाऊ घेतले आणि मोटाउन ही तबकड्यांची कंपनी काढली. गाण्यांच्या प्रकाशनाची संस्थाही स्वतःचीच, मुलांच्या नावांतली अक्षरे जुळवून तिचे नाव ठेवलेले. २०१३ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'मोटाउन' या प्रयोगाची संहिता त्याने स्वतःच लिहिली. अर्थात मालकाने सांगितलेली ती मालकाची गोष्ट. त्या तबकड्यांत वाद्ये वाजविणाऱ्या वादकांची नावे १९७१ पर्यंत वेष्टनावर छापली जात नव्हती, हेही इथेच नोंदवून ठेवतो. मालकाचा रंग बदलला म्हणून मजुराचे नाव आपोआप छापले जात नाही.

हा विषय आपल्या घरांचाही आहे. आपल्यात गाणी लिहिणारे, चाली लावणारे, कॅसेटच्या काळात हजार-पाचशेवर सही करून आलेले कितीतरी आहेत. शाहिरांनी आपल्या परीने एक तोड काढली होती. वामनदादा कर्डकांच्या पुष्कळ गाण्यांत अखेरच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. कॅसेटवर नाव छापा वा न छापा, गाणारा ते घेतल्यावाचून गाणे पुरे करूच शकत नाही! पैसा त्याने मिळत नाही. नाव मात्र पुसता येत नाही. पैशाचे सांगायचे तर भारतात २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात घेतलेल्या गाण्याच्या पुढील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला व संगीतकाराला आता कराराने सोडून देता येत नाही. (चित्रपटगृहात चित्रपट दाखविणे तेवढे वगळलेले आहे.) तो वाटा फक्त वारसाला किंवा त्यासाठी असलेल्या सोसायटीलाच देता येतो. याउलट लिहून घेतलेला कागद रद्दबातल ठरतो. शब्दांवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

अमेरिकेत १९२९ च्या गाण्यांची मुदत वाढत वाढत पंच्याण्णव वर्षांची झाली होती. ती सरली आणि १ जानेवारी २०२५ पासून 'एन्ट मिसबिहेविन' आणि 'ब्लॅक अँड ब्ल्यू' ही दोन्ही गाणी तिथे सर्वांची झाली. आता ती गाण्यासाठी तिथे कोणाची परवानगी नको, कोणाला पैसे नकोत.

प्रयोगाचा शेवट सांगायचा राहिला. 'ब्लॅक अँड ब्ल्यू'नंतर दिवे पुन्हा उजळतात आणि पाचही जण गाण्यांची एक माळ सादर करतात. ही गाणी दुसऱ्यांनी रचलेली, वॉलरने गाऊन लोकप्रिय केलेली. त्यांत 'आय कान्ट गिव्ह यू एनिथिंग बट लव्ह' हे १९२८ सालचे गाणे आहे. कागदावर संगीतकार म्हणून नाव जिमी मॅकह्यू याचे. वॉलरचा मुलगा मॉरिस याने मात्र सांगितले आहे, की लहानपणी घरात रेडिओवर हे गाणे लागले की वरच्या मजल्यावरून वडील ओरडत, ते बंद कर! पैशाची नड होती तेव्हा आपलीच चाल विकून टाकावी लागली होती, असे त्यांचे म्हणणे. याला कागदाचा पुरावा नाही. प्रयोगात ते गाणे दुसऱ्याचे म्हणूनच येते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात.